जिभेखालची गोळी

विश्रांतवाडी, पुणे
६ जानेवारी २०२५

श्री. हिंमतराव धुमाळ यांस,
श्यामसुंदर मेहेंदळे याचा सा. न. वि. वि.

आपण माझे व्याही आहात, म्हणून नमस्कार. त्यापुढे लिहिण्यासारखं चांगलं काही नाही. आपल्या घरात रेंज नाही, आणि गेल्या खेपेस आपण टेकाडावर चढून फोन केलात तो माझ्यावर ओरडण्यासाठी. म्हणून कागदावर लिहितो. कागद आवाज चढवत नाही.

माझी शेफाली स्कूटरवरून पडली, मणक्याचं ऑपरेशन झालं आणि दुखण्यावरच्या गोळ्या तिला सुटेनात, इथवर आपल्याला ठाऊक आहे. हडपसरची नोकरी गेली ती त्यापायीच. मी तिला चांगल्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. तिथून आपल्या चिरंजीवांनी, म्हणजे रोहनरावांनी, तिला उचललं आणि थेट आपल्या गावी नेलं. बापाला विचारण्याची पद्धत आपल्याकडे नसावी.

आता ऐकतो की तिच्यावर मोबाईलवरून उपचार चालू आहेत. डॉक्टर पुण्यात, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि पेशंट भोरच्या पलीकडे डोंगरात. पुण्याच्या डॉक्टरला दाखवायला माणूस पुण्याबाहेर न्यायचा, ही युक्ती आमच्या डोक्यात आली नसती. शिवाय गोळी सोडवायला दुसरी गोळी, म्हणे जिभेखाली ठेवायची! दारू सोडवायला ताडी पाजण्यातलाच हा प्रकार.

तिला परत पाठवावं.

लोभ असावा असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहिलं.

श्यामसुंदर मेहेंदळे

आंबेघळ, ता. भोर
१५ जानेवारी २०२५

मेहेंदळे साहेबांना हिंमतराव धुमाळचा रामराम.

पत्र पोचलं. वाचून तांब्याभर पाणी प्यालो, मग लिहायला बसलो.

चांगलं केंद्र म्हणता. तिथं पोरीला खाटेला बांधत होते. मनगटावर वळ होते, ते मी या डोळ्यांनी बघितलेत. तुम्ही भेटायला गेलात ते पुढच्या खोलीत चहा पिऊन परत आलात. रोहननं भांडून दार उघडायला लावलं. इकडं यायचं तिनंच ठरवलं. पुण्यात तुमच्या घराखाली औषधाचं दुकान, तो चिठ्ठी न बघता गोळ्या देतो, तिथं राहून सुटायचं न्हाई, असं तीच म्हणाली. मी काय पोत्यात घालून आणली न्हाई.

डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा पुण्यात समोरासमोर दाखवलं. आता आमच्या उपकेंद्रात नर्सबाई मोबाईलची स्क्रीन लावून देतात आणि बाई तिकडून बोलतात. रोज पुण्याला जायचं म्हटलं तर तिचा मणका गाडीतच मोडंल. गोळी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून मिळते. सुरुवातीला रोज सिस्टरसमोर जिभेखाली ठेवावी लागायची, आता थोड्या थोड्या घरी देतात. मलाही आधी पटलं नव्हतं. मोबाईलमधून नाडी कशी बघणार, असं मी रोहनला म्हणालो होतो. पण पोरगी जेवती हाय. झोपती हाय. परवा माझ्या मिशीला झाडू म्हणाली.

गावात आम्ही मणक्याचं दुखणं एवढंच सांगितलंय. आमच्या घराला नाव हाय. तुम्ही कुठं तोंड उघडू नका.

इकडं येऊ नका. आलात तर जेवून जा.

हिंमतराव

विश्रांतवाडी, पुणे
२७ जानेवारी २०२५

श्री. हिंमतराव यांस सा. न. वि. वि.

आपलं शेवटचं वाक्य आमंत्रण आहे की धमकी, ते कळलं नाही. दोन्ही स्वीकारून येत्या रविवारी येतो.

अब्रूची काळजी करणारे आपण एकटेच नाही. शेफाली बेंगळुरूला असते असं मी इथे सांगितलं आहे. खालच्या मजल्यावरच्या इंदुबाई रोज तिथल्या हवेची चौकशी करतात आणि मी रोज काहीतरी सांगतो.

मी आयुष्यभर शाळेत मुलांना मनोनिग्रह शिकवला. माझ्या मुलीला गोळीच्या कुबडीवर उभं राहावं लागणार नाही. ते मी पाहून घेईन.

जेवणात तिखट बेताचं असावं. इतर बाबतीत आपण बेत राखाल अशी आशा नाही.

श्यामसुंदर मेहेंदळे

आंबेघळ
२४ फेब्रुवारी २०२५

मेहेंदळे,

रामराम लिहायला हात होत न्हाई.

तुम्ही आलात. आमच्या घरात जेवलात. मग पोरीला बाजूला घेऊन सांगितलंत की ही गोळी दुबळ्या माणसांची, तुझी आई आज असती तर तिनं मान खाली घातली असती. पोरीनं मला हे काल दवाखान्यात सांगितलं. आईचं नाव काढल्यावर कुठली पोरगी उभी राहील? तिच्या पर्समधलं गोळ्यांचं पाकीट तुम्ही खिशात घातलंत आणि पुढचे उपचार तिकडंच करतो असं आम्हाला सांगून तिला घेऊन पुण्याला गेलात.

तिथं तिला घाम फुटला, जुलाब झाले, पाय आपटत अंथरुणात लोळली. गोळी मागितली तर तुम्ही म्हणालात, थोडं सोस. तुम्ही भाजी आणायला गेलात तेव्हा ती घरातून निघाली. कुठं निघाली, मेहेंदळे? आमच्याकडं. औषधाकडं. स्वारगेटला भोरच्या गाडीची वाट बघताना अंगातलं सोसवंना, तेव्हा जवळच्या एका दुकानातून त्या जुन्या गोळ्या घेतल्या आणि मूठभर खाल्ल्या. फलाटावर झटका येऊन पडली. एका कंडक्टरनं उचलून रिक्षात घातली म्हणून वाचली. दवाखान्यात तुम्ही रोहनच्या समोर आलात आणि म्हणालात की बघा, मी सांगत होतो तिला मनोनिग्रह न्हाई.

रोहननं हात उचलला न्हाई, ही आमच्या घरची शिकवण.

या दारात पुन्हा दिसू नका. या वेळी जेवायलाही न्हाई.

हिंमतराव धुमाळ

आंबेघळ
१२ मार्च २०२५

ती. बाबा आणि ती. आबा,
दोघांना शेफालीचा नमस्कार.

हेच पत्र दोघांना पाठवते आहे, शब्द न् शब्द सारखं. एकाला दुसऱ्यापेक्षा कमी बोलले असं वाटायला नको. आबा, तुम्ही याच घरात आहात, तरी तुमचंही पत्र पोस्टानेच येईल. समोर बोलले की तुम्ही गोठ्याकडे निघून जाता.

बाबा, आईला मध्ये आणलंत ते मी विसरणार नाही. अंगाची लाही होत असताना तुम्ही उशाशी बसून धीर धरायला सांगत होता आणि माझं औषध तुमच्या शर्टाच्या खिशात होतं. मला ते दिसत होतं.

आणि आबा, तुम्ही बाबांवर तोफ डागलीत, पण तुमचं स्वतःचं काय? मी पुण्यात असताना डॉक्टरांचा ठरलेला कॉल उपकेंद्रात आला होता. नर्सताईंनी तुम्हाला विचारलं, तर बाहेर लसीकरणाला बसलेल्या बायका ऐकतील म्हणून तुम्ही सांगितलंत की सूनबाई लग्नाला गेलीय. बाबा मला पुण्याला घेऊन गेलेत हे खरं सांगितलं असतंत तर डॉक्टरांनी त्याच दिवशी मला गाठलं असतं. औषध मध्येच तोडल्यावर काय होतं, ते त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. एकाने मला बेंगळुरूला पाठवलं, एकाने लग्नाला. मी मात्र फलाटावर पडले होते.

औषध पुन्हा सुरू झालं आहे. डॉक्टर म्हणाल्या की हे कदाचित बराच काळ घ्यावं लागेल, वर्षंही लागतील, आणि त्यात हरण्यासारखं काही नाही. मी आंबेघळलाच राहणार आहे. इथे मला कोणी ठेवलेलं नाही, मी राहते आहे. कोणी विचारलं तर मणका सांगणार नाही. गोळ्यांची सवय लागली होती, उपचार चालू आहेत, असं सांगणार.

पुढच्या कॉलला डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं आहे. बाबा, तुमच्या मोबाईलवर लिंक येईल. आबा, तुम्ही उपकेंद्रात माझ्या शेजारी बसायचं आणि दार उघडं राहील. जो येणार नाही, त्याच्याशी माझं बोलणं संपलं. आलात तरी लगेच सुरू होईल असं नाही.

प्रेम मागत नाही. वेळेवर या.

शेफाली

विश्रांतवाडी, पुणे
३ एप्रिल २०२५

श्री. हिंमतराव यांस सा. न. वि. वि.

आपल्या दारात यायचं नाही असं आपण बजावलं आहे, पत्राला बंदी नाही असं मी धरून चाललो आहे.

परवाच्या कॉलमध्ये आपण कॅमेऱ्याला इतके चिकटून बसला होता की मला बराच वेळ फक्त आपला कान दिसत होता. तो पाहण्यासाठी मी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलो नव्हतो. डॉक्टरांनी आपल्याला विचारलं की लोकांना काय सांगता, तेव्हा आपण इतक्या मोठ्याने खरं उत्तर दिलंत की बाहेरच्या बायका गप्प झालेल्या मला पुण्यात ऐकू आल्या. मला विचारलं तेव्हा माझा आवाज फुटला नाही. डॉक्टरांना वाटलं, नेटवर्क गेलं. मी त्यांना तसं वाटू दिलं.

काल इंदुबाईंनी बेंगळुरूचा पाऊस विचारला. मी म्हणालो की शेफाली भोरकडे आहे, गोळ्यांच्या व्यसनावर उपचार घेते. त्यांनी जिना उतरता उतरता थांबून विचारलं की जेवते ना नीट. मला नक्की सांगता आलं नाही.

आपल्याविषयीचं माझं मत बदललेलं नाही. आपण आडमुठे आहात आणि आपल्याकडची आमटी असह्य आहे. पण शेफाली माझ्याशी बोलत नाही, तेव्हा विनंती करायला दुसरं कोणी नाही. परवा कॉल संपला तशी ती उठली आणि आपण लगेच स्क्रीन बंद केलीत. ऑपरेशननंतर ती डावा पाय ओढत असे. पुढच्या वेळी ती उठेल तेव्हा मोबाईल जरा दाराकडे वळवून धरावा. ती कशी चालते ते मला पाहायचं आहे.

या पत्राला उत्तर नको. मोबाईल वळवलात की पोचलं.

श्यामसुंदर