गजक पाण्यात पडली तेव्हा

कोल्लम,
९ नोव्हेंबर २०२४

ती. विमलताईस,
यशूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर सगळं ठीक म्हणाले, कारण हे शेजारीच बसले होते. खरं ते आपण पत्रातच लिहितो. ताई, मला फार भीती वाटते आहे.

उद्या निघतो. इथून कोचीपर्यंत किनाऱ्याला धरून कालवे आणि तलाव एकमेकांना जोडलेले आहेत, समुद्रात जावं लागत नाही. ह्यांच्या मित्राने आपली बोट दिली आहे. मागे इंजिन, मधे एक खोली, पुढे थोडी उघडी जागा. दोन्ही कुत्री बरोबर आहेतच. ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारातून उचलून आणलेली आपली गजक आल्याआल्या पुढच्या टोकावर जाऊन बसली, जणू बोट तिच्या बापाची. दरोगा मात्र माझ्या जातीचा. एवढं धिप्पाड जनावर, पण बोट जरा हलली की माझ्या पायांत तोंड खुपसतो.

निवृत्त झाल्यापासून ह्यांचा चेहरा असा खुललेला मी पाहिला नव्हता, म्हणून नाही म्हणवलं नाही. एकट्यांना जाऊ द्यायचं तर त्याहून भीती. ह्यांची मागच्या वर्षीची अँजिओप्लास्टी मी विसरलेले नाही. ह्यांनी मला चाक धरायला, इंजिन चालू-बंद करायला शिकवलं. मी चाक असं दोन्ही हातांनी आवळून धरलं की हे आधी हसले, मग हसायचे थांबले.

उत्तर वाटेतल्या अलप्पुळ्याच्या पोस्टात पाठव. तुझी माया पाण्यावरही पोचते, या भरवशावर निघते आहे.

तुझी,
यशू

माधवगंज, ग्वाल्हेर
१३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. यशूस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि ताटावरून उठले. सूनबाईला दाखवलं, तर शिखा म्हणते, मम्मीजी, आजकल सब लोग ये करते हैं, टेन्शन मत लो. सब लोग म्हणजे कोण, ते तिने सांगितलं नाही. बैजातालाच्या काठावरसुद्धा कठडा घट्ट धरून उभी राहणारी माझी बहीण आता बोटीत राहते म्हणे.

नीट ऐक. अलप्पुळ्याला उतर आणि रेल्वेने परत ये. ताईची तब्येत बिघडली म्हण, खोटं माझ्या माथी. अंबरीशराव रागावले तर माझ्यावर रागावू देत. कुत्र्यांना गाडीतून आणता येतं, माझ्या सौरवने चौकशी केली आहे.

इथे थंडी सुरू झाली. बाड्याच्या चौकात तिळगुळाच्या गजकची दुकानं लागली, पण गजक दिसली की तुझ्या कुत्रीचं तोंड आठवतं आणि घास उतरत नाही. मोबाइलवर रोज तिकडचं हवामान पाहते. आज ढगांचा गडगडाट लिहिला आहे. उतर गं बाई.

तू जमिनीवर पाय ठेवलास की माझा जीव भांड्यात पडेल.

तुझी,
ताई

मुहम्मा,
२० नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. नमस्कार.

आधी हे वाच: आम्ही चौघंही जिवंत आहोत. आता पुढचं.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी उतरायचं ठरवलं होतं. हे म्हणाले, पुढचा वेंबनाड तलाव तेवढा बघ, मग कोचीहून सगळेच गाडीने जाऊ. मी मान हलवली.

तलाव कसला, समुद्रच. पलीकडचा काठ दिसत नाही. जेवणं झाली आणि आभाळ काळं होत आलं. हे काठाकडे वळले, पण वारा आधी पोचला. बोट एका अंगावर झाली आणि टोकावरची गजक पाण्यात गेली. मी ओरडायच्या आत ह्यांनी तिच्यामागे उडी टाकली. अंगात लाइफ जॅकेट होतं, तेवढी देवाची कृपा. चाकापाशी कुणी नव्हतं आणि बोट पुढे चालली होती.

मी चाक धरलं. पाऊस असा की बोटीचं टोक दिसेना. वळवली खरी, पण कुठे वळले ते कळेना. हाका वारा तोंडातच कोंबत होता. पाण्याखाली इंजिनाचा पंखा फिरतो आहे आणि हे तिथेच कुठेतरी आहेत, एवढंच डोक्यात होतं. जोरात गेले तर त्यांच्या अंगावर जाईन, थांबले तर वारा लांब नेईल. आणि त्यांचं हृदय.

तेवढ्यात दरोगा खोलीतून बाहेर आला. पोट फळीला घासत, थरथरत कठड्यापाशी गेला आणि भुंकायला लागला. बोट कशीही फिरली तरी त्याचं तोंड एकाच दिशेला. त्याला काय ऐकू आलं देव जाणे. मी चाक तिकडे फिरवलं. मग लाटेवर ह्यांचा हात दिसला. जोरजोरात हलवून मला बोलावत होते. बोट इतकी कलत होती की भांडी, गाद्या सगळं एका बाजूला घसरलं. तरी गेले. जवळ पोचल्यावर इंजिन बंद करून दोर टाकला. ह्यांनी आधी गजकला वर ढकललं, मी तिला गळपट्ट्याने खेचलं. मग हे शिडी धरून चढले. नंतर मासेवाल्यांनी आमची बोट ओढत इथे आणली.

डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे. पण हे बोलत नाहीत. गजकला मांडीवर घेऊन काठावर बसतात. मी जवळ गेले की मान खाली घालतात. मी पोचायला उशीर केला, हेच त्यांच्या मनात असेल का? ते मला बोलावत राहिले आणि मी भलतीकडेच फिरत होते. पाण्यापेक्षा आता या गप्प बसण्याची भीती वाटते.

काहीतरी लिही. तुझ्या अक्षराची वाट पाहते.

तुझी,
यशू

माधवगंज, ग्वाल्हेर
२५ नोव्हेंबर २०२४

चि. यशूस,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी अंबरीशरावांचा फोन आला होता. आधी नुसते रडले. मला वाटलं, तू गेलीस. यशू, तेवढ्यात मी काय काय पाहिलं ते या जन्मात सांगणार नाही.

मग म्हणाले, "ताई, मी तिला बोलावत नव्हतो. परत जा म्हणून हात हलवत होतो."

बोट उलटणार, याची त्यांना खात्री होती. निदान तू तरी वाचावीस म्हणून ते तुला हाकलत होते, आणि तू सरळ त्यांच्याकडेच येत होतीस. आता डोळे मिटले की तीच बोट कलताना दिसते म्हणाले. तुझ्याकडे बघायचा धीर होत नाही. ते रागावलेले नाहीत गं, भ्यालेले आहेत, तुझ्याइतकेच.

तुला सांगू नका म्हणाले होते. मी हो म्हणाले आणि सांगते आहे.

मी त्यांना म्हटलं, हाताचा अर्थ कळला असता तरी ती आलीच असती. बरोबर बोलले ना?

हे पत्र घडी करून ठेव आणि काठावर त्यांच्याशेजारी जाऊन बस. काही विचारू नकोस. लोभ मी मागत नाही, चौघं घरी या.

तुझी,
ताई