झोपाळ्याच्या डाव्या खांद्याची साक्ष

अमरावती,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८८९

तीर्थस्वरूप गोपाळकृष्णपंत यांच्या चरणी (कमरेला धक्का लागणार नाही अशा बेताने) कमलाकांताचा नमस्कार.

इकडील सर्व मंडळी आपल्या कृपेने उभी आहेत. आपण मात्र आडवे आहात, ही विषमता अंतःकरणास डाचते. कटिप्रदेशाची वेदना कितपत उतरली? सिंधूवहिनी निर्गुडीचा शेक देतात की डॉक्टरांच्या मलमावरच भिस्त आहे? कुशीवर वळताना आपण अद्यापही माझेच नाव घेता, असे वहिनींच्या कार्डावरून समजले. मेहुण्याचे असे अखंड स्मरण ठेवणारे श्यालक आजकाल दुर्मीळ होत चालले आहेत. तथापि या अपघाताचे कर्तृत्व माझ्याकडे येत नाही, हे सविस्तर निवेदन करावे म्हणून लेखणी उचलली. आपण वकील आहात. पक्षकाराला बोलू न देता निकाल देण्याचा अधिकार न्यायाधीशांचा, आपला नव्हे.

आपली भाची कुंदा पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होऊन येथल्या कॉलेजात मुलांना प्रयोग दाखवते, हे आपण जाणताच. तिला मुंबईच्या एका संशोधनसंस्थेने बोलावले आहे, हेही आपण जाणता आणि विसरू इच्छिता. तेथे 'लेसर' नावाचा एक नवा प्रकाश सिद्ध करीत आहेत. (मी त्याचे 'एकवर्णप्रखरकिरणशलाका' असे नामकरण केले. कुंदा म्हणाली, बाबा, तुमचं नाव उच्चारून होईपर्यंत लोखंड थंड होईल.) हा किरण म्हणे पुढेमागे पोलादाला पोलाद सांधील, ज्योत नाही, ठिणगी नाही, लोहाराचा भाता तर नाहीच. परंतु सांधा होत असताना तो आतून खरा होत आहे की खोटा, हे कसे ओळखावे, आणि खोटा होत असेल तर तेथल्या तेथे किरणाला कसे आवरावे, हा कुंदाचा विषय. सांध्यातून जी झळाळी बाहेर पडते तिलाच साक्षीला बोलवायचे, असा एकूण बेत. आपल्यासारख्या फौजदारी वकिलाने या विषयावर खरे तर प्रेम करावयास हवे होते.

मुंबईचे बोलावणे येईपर्यंत हात बसावा म्हणून तिने बडनेरा रस्त्यावरच्या पुंजाराम वेल्डरचे दुकान गाठले. तेथे गाड्यांचे आस, वखराच्या लोखंडी पासा (पाती) आणि जीपगाड्यांचे मोडके सांगाडे विजेच्या ठिणगीने जोडतात. उपवर कन्येने अशा ठिकाणी एकटे जाऊ नये म्हणून सौ. विमलने मला संरक्षक नेमले. कन्येच्या हाती एक उपकरण असे: डालड्याच्या डब्याला भोक, भोकाला काळी काच, आत एका बंद पडलेल्या टॉकीजच्या प्रोजेक्टरमधून काढलेला, प्रकाशाची वीज करणारा दिवा, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला थरथरणारी सुई. सांध्याची झळाळी एकसारखी असली की सुई समाधिस्थ. झळाळी ढळली की सुई कोसळते. सुई कोसळली की कुंदाने घंटी वाजवावी आणि पुंजारामने हात सावरावा, असा करार होता. पुंजाराम पहिल्या दिवशी वैतागून म्हणाला, "ताई, तुमची घंटी वाजली का मले वाटते आरती सुरू झाली. हात आपोआप थांबून राहिला माहा." दुसऱ्या दिवसापासून त्याने प्रसादाची मागणी सुरू केली आणि विमलने चिवड्याचा डबा पाठवण्यास प्रारंभ केला. विज्ञानाची प्रगती अशी होते.

संरक्षकाचे काय झाले, हे इतिहासात नोंदले जावे. काळी काच डोळ्यांपुढे न धरता ती ठिणगी मी अवलोकिली. (कुंदाने बजावले होते. परंतु तेजाकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्याची आमच्या ऋषींची परंपरा आहे, असे मी तिला सुनावले होते.) रात्रभर डोळ्यांत वाळू सळसळत राहिली. सकाळी दुधाच्या घड्या डोळ्यांवर ठेवून निजलो, त्या शेजारच्या मांजरीने चाटून नेल्या. शाळेत संस्कृतच्या तासाला विरहाचा एक श्लोक लावीत असता डोळ्यांना धारा लागल्या. बावीस वर्षांत प्रथमच अकरावीचा वर्ग निःशब्द झाला. दोन मुले मागाहून येऊन म्हणाली, सर, घरी काही वाईट झालं का? त्यांना वाटलेली सहानुभूती परत कशी करायची हे मला अद्याप उमगलेले नाही.

आता आपला झोपाळा. अकोल्याच्या नव्या बंगल्याच्या स्लॅबला कडी ठेवावयास गवंडी विसरला, म्हणून आपण लोखंडी चौकटीचा झोपाळा पुंजारामाकडून करविला व जातीने देखरेखीस आलात. चौकटीचा डावा खांदा जोडताना कुंदा सुईपाशी होती, मी पाठ करून बसलो होतो (अनुभवाने माणूस शहाणा होतो), आणि आपण पुंजारामाच्या कानाशी वाकून पृच्छा केलीत, की चौकटीला हिरवा रंग शोभेल की मोरपिशी? पुंजाराम सभ्य मनुष्य. वकीलसाहेबांकडे न बघता उत्तर कसे द्यावे? हात हलला, सुई कोसळली, घंटी वाजली. कुंदा म्हणाली, "मामा, हा जोड कच्चा राहिला. खरवडून पुन्हा करू द्या."

त्यावर आपण माठ घेताना मारतो तशी लोखंडावर टिचकी मारलीत, मग काठीने ठोकलेत, कान लावलात आणि म्हणालात, "तीस वर्षं साक्षीदार तपासतो आहे पोरी. आवाजावरून खोटं कळतं मले. हा खणखणीत आहे." अकोल्याची एस.टी. सुटावयाची होती. झोपाळा टपावर चढला. रंग मोरपिशी ठरला.

पुढील प्रसंगाचे आपण प्रत्यक्षदर्शी आहात, परंतु आपण त्या वेळी तळाशी असल्याने समग्र दृश्य आपणास दिसले नसावे. मूर्तिजापूरचे कापूस-जिनिंगवाले तात्यासाहेब आपल्या चिरंजीवासाठी कुंदाला पाहावयास अकोल्यास आपल्या बंगल्यावर आले. थोर पाहुण्याला झोपाळ्यावर आपल्याशेजारी बसवून घ्यायचे, ही आपल्या घराण्याची रीत. आपण दोघेही भारदस्त; दोघेही डावीकडे, कारण उजवीकडे पानाचा डबा. कुंदा पोह्यांच्या बशा घेऊन आली. तात्यासाहेबांनी विचारले, "काय गं, स्वैपाक येते न?" कुंदा म्हणाली, "तात्यासाहेब, आधी डावीकडून उठा. तो जोड कच्चा आहे."

विमलने पदर दातांत धरला. आपण हसून म्हणालात, "पोरगी आमची विनोदी आहे," आणि आपल्या कथनाच्या पुष्ट्यर्थ पायाने एक झोका दिलात. चौकटीने दुसऱ्या झोक्यापर्यंत आपला मान राखला. नंतर डावा खांदा निखळला, आपण भूमीवर, तात्यासाहेब आपल्यावर, आणि पोहे तात्यासाहेबांवर, अशी रचना सिद्ध झाली. त्या उच्चासनावरूनच तात्यासाहेबांनी (आपण खाली कण्हत असता) निर्णय दिला: "मुलगी पसंत आहे."

पोहे झटकत त्यांनी कारणही दिले. "आमच्या जिनातले पट्टे केव्हा तुटतील, शाफ्ट केव्हा जाईल, आधी सांगणारं माणूस घरातच पाहिजे न आमाले." आणि आपण त्या आडव्या स्थितीत हात जोडून म्हणालात, "आमचं भाग्य." गोपाळकृष्णपंत, मोडलेल्या कमरेने जोडलेले ते हात मी विसरू शकत नाही. भाचीवरचे आपले प्रेम खोटे नाही. म्हणूनच हे पत्र लांबत चालले आहे.

परतीच्या गाडीत कुंदा खिडकीबाहेर कपाशीकडे पाहत बसली. बडनेरा आले तेव्हा एवढेच बोलली: "बाबा, खरं सांगितलं म्हणून मी पसंत पडले. मी गप्प बसले असते तर सुटले असते का?" मी तिचा बाप आणि वर शिक्षक, माझ्यापाशी प्रत्येक प्रश्नाला एक सुभाषित असते. या वेळी मी तिची पिशवी खांद्यावर घेतली.

तेव्हापासून विचार करतो आहे. (सवय नसल्याने डोके दुखते.) कुंदा सांगते की सांध्यावर थिजलेले लोखंडाचे मणी वरून एकसारखे दिसले, ठोकले असता नाद उत्तम आला, तरी आत लोखंड वितळून एक झालेले नसेल, तर ती दोन लोखंडे केवळ शेजारी बसलेली असतात. भार पडेपर्यंत हे त्यांनाही ठाऊक नसते. मी विमलला म्हटले, अशी जोडपी माझ्या परिचयाची आहेत. तिने नावे विचारली, तेव्हा मी पंचांग उघडले. परंतु आपण मुलगी पाहतो म्हणजे काय करतो? एक टिचकी मारतो, कान लावतो, रंग ठरवतो. सांधा थंड झाल्यावर तपासून काय उपयोग, तो होत असतानाच त्याच्याकडे लक्ष हवे, हे जे कुंदा मुंबईला जाऊन शिकू म्हणते, ते आपल्या समाजाला लोखंडापलीकडेही उपयोगी पडेल, असा मला संशय येऊ लागला आहे. लग्नाला तिचा नकार नाही. कोणाच्या तरी जिनात पट्ट्यांवर पाळत ठेवण्यासाठी जाण्याला आहे. तात्यासाहेब होकाराची वाट पाहत आहेत, मुंबईवालेही. दोघांनाही याच पंधरवड्यात उत्तर हवे. आणि विमल म्हणते, दादा म्हणेल तसे.

अधिक लिहून आपली कूस बदलवीत नाही. वहिनींस नमस्कार, कमरेस आराम, आणि मजवरील रोषास ओहोटी लाभो.

आपला आज्ञाधारक (आज्ञा पाहून),
कमलाकांत

ता. क. आपल्याकडून परत मागविलेल्या झोपाळ्याचा खांदा पुंजारामने खरवडून पुन्हा जोडला. या खेपेस कोणी रंग विचारला नाही. कुंदा सुईपाशी होती, घंटी वाजली नाही. उद्याच्या एस.टी.ने रवाना करतो. आपण निःशंक बसावे. मीही बसेन, आपण बसून काही काळ लोटल्यावर.

ता. क. दोन. मूळ मुद्दा लिहावयाचा राहिला. विमलची अट अशी की आपल्या घरातली मुलगी परघरी जाते ती मामाने हात धरून नेल्यावाचून जात नाही; मग ते बोहल्यावर असो की मुंबईला. मेल अकोल्याला थांबते. कुंदा बडनेऱ्याला चढेल, आपण अकोल्याला चढावे, आणि भाचीला संस्थेच्या वसतिगृहाच्या दारापर्यंत पोहोचवावे. खालचा बाक आपल्यासाठी राखला आहे. तात्यासाहेबांना नकार आपणच कळवावा. त्यांच्याखाली आपण काही काळ काढला असल्याने ते आपले ऐकतील.

ता. क. तीन. पत्र विमलला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आपल्या वेळी दादाने काय ठोकून पाहिलं होतं हो?" मी म्हटले, तुझ्या दादांनी मला चहा दिला, दोन प्रश्न विचारले आणि मुलगा शांत स्वभावाचा आहे असा निर्णय दिला. ती म्हणाली, "मी दाराआड उभी होते. दादा विचारत होता, तुम्ही उत्तरं देत होता, आणि तुमच्या हातातली कपबशी सारखी वाजत होती. दादाने नाही ऐकलं. मी शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग आईला हो म्हटलं."

एवढे सांगून ती कुंदाची वळकटी बांधावयास गेली. मी पाकीट बंद करतो. आपण कंबरपट्टा बांधावा.