डॅडझीच्या खटल्याचा निकाल

केप कोस्ट, ३ मे १९६४

चि. क्वामेनास अराबाताईचे भरभरून आशीर्वाद.

त्या विरोधी पक्षाच्या डॅडझीचा खटला तुझ्यापुढे आलाय, हे मासळीबाजारात कळलं. निवडणुकीत त्याच्या माणसांनी माझ्या मासे धुरावर सुकवायच्या भट्ट्या फोडल्या. भर सभेत तो तुला गोऱ्यांचा हुजऱ्या म्हणाला, तू निवडणुकीत पडलास आणि तुझं मंत्रिपद गेलं. मग आपल्या सत्ताधारी पक्षानेच तुला न्यायाधीश केलं. आता त्याने पक्षाची कचेरी जाळली, आत राखणदार मेला म्हणतात. सोडू नकोस मेल्याला! तुझ्या बायकोच्या, एफुआच्या, केंकीतलं मक्याचं पीठ अजून कच्चंच राहतं का?

तुझी ताई

आक्रा, १९ मे

ती. ताईस क्वामेनाचा वाकून नमस्कार.

केंकी उत्तम होते, असं लिही म्हणून एफुआ शेजारी उभी आहे.

ताई, दोनच साक्षीदार, दोघेही पोलिसांच्या कोठडीतून आलेले. एकाला तर कचेरी कुठल्या रस्त्यावर आहे, तेही सांगता येईना. काल एक मंत्री घरी आले. मी पक्षाचा आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. निघताना मुलींच्या शाळेचा रस्ता विचारला. मुलींना तुझ्याकडे पाठवतोय.

डॅडझीला पिंजऱ्यात पाहिलं की ती सभा आठवते, अजून कान तापतात. निकाल लिहिताना माझ्या या रागाचीच धास्ती वाटते.

मुलींवर आहे तशी माझ्यावरही माया असू दे.

क्वामेना

केप कोस्ट, २४ मे

चि. क्वामेनास आशीर्वाद.

मुली पोचल्या. त्यांच्या मागोमाग पक्षाचे दोघे आले. भावाला समजवा, नव्या भट्ट्या बांधून देतो, म्हणाले. मी मासे धुतलेल्या पाण्याची बादली उचलली, तेव्हा गेले. भट्ट्यांचा राग आहेच रे, पण त्यासाठी माणूस फासावर? नको. तरी तू आजारी पड, रजा घे. दुसरा कुणी लिहील निकाल. बहिणीचं एवढं ऐक.

अराबाताई

केप कोस्ट, २८ जून

चि. क्वामेनास, तुरुंगाच्या पत्त्यावर, आशीर्वाद.

ऐकलं नाहीसच. डॅडझी निर्दोष सुटल्याचं आणि तुला पदावरून काढल्याचं रेडिओवर एकाच बातमीत सांगितलं. पोलिसांनी तुला न्यायालयाच्या पायरीवरूनच नेलं, हे एफुआकडून कळलं. धाकटी दोन दिवस जेवली नाही. आता जेवते.

काल डॅडझी दारात आला. बाजारच्या बायांनी पळ्या उगारल्या. भट्ट्यांबद्दल माफी मागायला आलोय, म्हणाला. मी बसायला सांगितलं नाही. मीच तुला आजारी पडायला सांगितलं होतं, हे त्याला सांगून टाकलं. त्यांनी तुमचं ऐकलं असतं तर मी आज जिवंत नसतो, म्हणाला आणि उभ्याउभ्या रडला. मला तुरुंगात जाऊन तुमच्या भावाला भेटायचंय, म्हणाला. पुन्हा आत टाकतील, असं मी बजावलं. ठाऊक आहे, म्हणाला.

मी त्याला माफ केलेलं नाही, क्वामेना. पण शनिवारी पहाटेच्या मोटारीने आम्ही दोघं येतोय. तुझ्या जेवणाची टोपली त्यालाच उचलायला सांगितली आहे.

तुझी वाट पाहणारी,
ताई