शून्याच्या पट्ट्यावरची खुर्ची

तीर्थरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. खरंच वाकले तर उठवायला दोन माणसं लागतील.) तुझी कंबर काय म्हणते? आतोबांचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक, म्हणजे बाकीचे ठीक. मी संपले.

तुला माहीतच आहे, यंदा आमच्या बालवर्गातली बाकं उचलून नेली. मुलांनी बसून नाही, हलून शिकायचं, असं मोठ्या बाई प्रशिक्षणात शिकून आल्या (चार दिवस खुर्चीत बसून). मागच्या भिंतीपासून फळ्यापर्यंत फरशीवर शून्य ते दहा असे आडवे पट्टे रंगवले. अधिक म्हटलं की पुढे उड्या, वजा म्हटलं की मागे. "थांबा" म्हटलं की एका पायावर उभं राहायचं, म्हणजे तोल सावरायला शिकतात म्हणे. मी ही अशी अंगाने भरलेली बाई दिवसभर बेडकासारखी उड्या मारते, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई त्यांच्या छताचा पोपडा हातात घेऊन भांडायला येतात. पण खोटं कशाला बोलू, पोरं शिकली गं. जी आकडा दिसला की रडायची, ती आता बेरजा मागून घेतात.

पण पालकांची कुरकुर सुरू झाली, पोरं नुसती नाचतात म्हणून. शेवटी तुझे धाकटे दीर, म्हणजे आमचे अध्यक्ष, स्वतः वर्ग बघायला येणार असं ठरलं. त्यांना पटलं तर वर्ग असाच चालणार, नाही तर बाकं परत आणि माझी रवानगी कोठीत, गणवेशांच्या घड्या घालायला.

परवा आले. उकाडा मरणाचा, म्हणून मी (अक्कल गहाण ठेवून) त्यांची खुर्ची पंख्याखाली मांडली. पंखा मागच्या भिंतीपाशी. म्हणजे बरोब्बर शून्याच्या पट्ट्यावर. खुर्चीशेजारी हातांचे ठसे उमटवायला कालवलेल्या निळ्या रंगाची परात. ती का नाही हलवलीस, असं विचारू नकोस, मीच स्वतःला दोन दिवस विचारतेय. पोरं पाचावर उभी होती. मी म्हटलं, साहेब, एखादं गणित घाला. आता माणसाने पाच वजा दोन विचारावं की नाही? पण नाही, पोरांना पेचात पकडायची हौस! त्यांनी विचारलं, पाच वजा पाच.

आत्या, अख्खा वर्ग पाठमोरा निघाला. मोठमोठ्याने मोजत, एकसुरात, कुणी मागे वळून बघेना. (वळून बघायचं नाही, ही शिस्त मीच लावलेली.) शून्यावर पोचले तेव्हा तिथे आधीच तुझे दीर. ते घाबरून ओरडले, "अरे थांबा, थांबा!" झालं. सगळ्यांनी एकेक पाय वर घेतला आणि पहिल्या पोराचा तोल गेल्याबरोबर सगळी रांग त्यांच्या मांडीवर. खुर्ची कलंडली, साहेब परातीत. आणि उत्तर बरोबर होतं गं! एकही पोर चुकलं नाही. पण कमरेपर्यंत निळ्या झालेल्या माणसाला हे कोण सांगणार?

काल बाकं परत आली, आणि माझ्या जागी नव्या बाईही. माझं नशीबच फुटकं. ज्या कामाला हात लावावा त्याची माती.

तुझी अभागी भाची

ता. क. — खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं: दिरांना सांग, मला मुकाट्याने कोठीत पाठवा. गणवेश निदान अंगावर तरी पडत नाहीत. मला आता कुठलंच पोर नको.

ता. क. दुसरा — वरचा ता. क. खोडून टाक. पत्र टाकायला निघाले होते, वाटेत माझी पिशवी घ्यायला वर्गात डोकावले. नव्या बाई विचारत होत्या, चार अधिक तीन किती? सगळे गप्प, हाताची घडी, तोंडावर बोट. बाई म्हणाल्या, बघा, यांना काही म्हणजे काही येत नाही. मी दारातून खाली बघितलं तर बाकांखाली सगळ्यांचे पाय हलत होते, चार टप्पे, मग तीन. सातावर येऊन सगळे पाय थांबले. आत्या, माझा वर्ग मला परत हवाय. तू आजच्या आज दिरांकडे जा, बोल त्यांच्याशी, आणि नाहीच ऐकलं तर सरळ रड. मीच गेले असते गं, पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की मला रडूच येत नाही, हसू फुटतं.