हुकुमदार कोण?

गोंदिया, तहसील कचेरी
मार्गशीर्ष, सन १९३६

तीर्थस्वरूप काकाजींच्या पायांवर केवळरामाचे डोके. आपला गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला थांबला असेल. इकडे सर्व क्षेम होते, परवापर्यंत.

मी कचेरीचा चौकीदार झालो हे आपणास ठाऊकच आहे. पितळी बिल्ला मिळाला (रोज चिंचेने घासतो), पट्टा मिळाला, पण अधिकार किती ते कोणी सांगितले नाही, म्हणून मी पूर्ण धरला. खजिन्यावरचा शिपाई येणाऱ्यावर “हुकुमदार!” असे ओरडतो. मला वाटले, तू हुकूम देणारा साहेब आहेस का, असे तो विचारतो. मीही फाटकात तेच सुरू केले. लोक हात जोडून “नाही जी” म्हणत आणि मी त्यांना सोडी. (ते इंग्रजीतले ‘हू कम्स देअर’, म्हणजे ‘कोण येतो’, हे कचेरीतल्या बाबूंनी नंतर सांगितले. आधी सांगायला काय झाले होते?)

परवा भर दुपारी माझे सासरे बिसरामजी आले. ओळखले नाही असे समजू नका, पण बिल्ला लावल्यावर सासरा कसला? मी ओरडलो. ते छाती काढून म्हणाले, “हो, मीच हुकुमदार. तलावाचं पानी माह्याच हुकमानं सुटते.” साहेबाचे सोंग घेऊन कचेरीत शिरणे हा गुन्हाच, असे धरून मी त्यांना मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत कोंडले आणि हवालदारांना वर्दी द्यायला धावलो. हवालदारांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, “दरवाजा तुम्हारा है, आदमी हमारा.” म्हणजे मी दार राखायचे, माणूस धरायचा नाही. खोली उघडली. दिवाळीपासून माहेरी असलेल्या शामकलेला, आपल्या सूनबाईला, कधी पोचवू एवढेच विचारायला ते आले होते. चहाही न घेता म्हणाले, “आता पोरगी धाडत नाही. जावई कवा कोंडन, नेम नाही.”

तिच्यावाचून घर खायला उठते, काकाजी. भात रोज करपतो. बिल्ला तरी किती घासावा?

आपला पुतण्या,
केवळराम (बिल्ला काढून)

ता. क. बिसरामजी आपले ऐकतात. तलावाच्या पाळीवर चिलीम ओढताना माझा विषय काढावा आणि तिला घेऊनच यावे. पत्र खरे यासाठीच.

दुसरा ता. क. हे टपालात टाकायला निघालो, तो फाटकात कोणीतरी. सवयीने ओरडलो, “हुकुमदार!” डोक्यावर गाठोडे घेऊन शामकला उभी. “हो, मीच,” म्हणाली, “घराची चाबी द्या.” बापाला न सांगता आली आहे. तेव्हा तिला आणायला नको, पण ती इथे आहे हे त्यांना सांगायला तरी आपणच जावे. चाबी मी दिली. हवालदार चुकले, काकाजी. दरवाजाही माझा नाही.