बेसमधला पियानो

३ मार्च, सकाळी
बायकोने बँड सोडला. मी म्हणे प्रत्येक गाण्यात मागे पडतो! अकरा वर्षं ही कीबोर्डवर, मी बेस गिटारवर, आणि शोध आत्ता लागला. शांतपणे म्हटलं, तुझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. चहा माझा मीच केला. साखर सापडली नाही. बिनसाखरेचा तब्येतीला चांगलाच.

४ मार्च
उपाय सापडला. बेसला एक डबी लावायची, डबी कॉम्प्युटरला. मी तार छेडली की डबी सूर ओळखणार आणि कॉम्प्युटर तोच सूर पियानोत वाजवणार. याला मिडी म्हणतात. बेसही मीच, कीबोर्डही मीच. एका दगडात दोन पक्षी.

आमचा ड्रमर दातांचा डॉक्टर. २० तारखेला त्याच्या दवाखान्याला दहा वर्षं होतात, तिथेच आमचा कार्यक्रम. वहिनींशिवाय जमेल का, विचारत होता. म्हटलं, न जमायला काय झालं?

८ मार्च
डबी आली. सोबत चाळीस पानी माहितीपुस्तक. वाचलं नाही, ते नवख्यांसाठी असतं. पहिली तार छेडली: बासरी. दुसरी: कुत्र्याचं भुंकणं. पियानो जेवणानंतर सापडला.

९ मार्च
पियानो उशिरा वाजतो. कारण शास्त्रीय आहे. जाड तार सावकाश हलते, डबीला सूर ओळखायला वेळ लागतो. दोष डबीचा, हे हिला ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर ड्रमरला सांगितलं. ही भाजी चिरत होती. अंगण किती वाकडं आहे रे, एवढंच विचारलं तिने. दुर्लक्ष केलं.

१२ मार्च
तोडगा: प्रत्येक सूर अर्धा श्वास आधीच वाजवायचा. मेहुणा, म्हणजे आमचा गायक, सरावाला आला. म्हणाला, जिजू, बेस आज चक्क वेळेवर, पण मागून हा पियानो कुणाचा लागतोय? तू गात राहा, गाठेल तो तुला, असं सांगितलं.

तारेला नुसतं बोट लागलं तरी पियानो बोलतो. नियम: कार्यक्रमात नाक खाजवायचं नाही.

१७ मार्च
ड्रमरने हळूच विचारलं, वहिनींशी बोलू का? म्हटलं, स्वाभिमान नावाची काही चीज असते. कुणाचा, म्हणाला.

सरावात उजवीकडे बघायची सवय जात नाही. ही तिथे असायची. वाईट वाटतं. असो.

२० मार्च, दुपारी
डबी आणि कॉम्प्युटर साउंडवाल्याच्या टेबलावर ठेवून आलो. ही पण येणार आहे. येऊ दे. बघू दे.

२१ मार्च
जिंकलो! पहिल्या गाण्यात किरकोळ गोंधळ. पियानोऐवजी मधेच कुत्रं भुंकलं, दोन पेशंट खुर्चीखाली बघायला लागले. पण दुसऱ्या गाण्यापासून पियानो असा लागला की विचारू नका! एक सूर मागे नाही. दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या, पियानोने डोळ्यांत पाणी आणलं. मी नम्रपणे मान झुकवली.

बायको पहिल्या गाण्यानंतर जागेवर दिसली नाही. जळफळाट, दुसरं काय.

२२ मार्च, सकाळी
साउंडवाला डबी द्यायला आला होता. पहिल्या गाण्यानंतरच बंद केली म्हणे. मेहुण्याने आधीच पडद्यामागे कीबोर्ड आणून ठेवला होता. त्यावर ही.

सगळ्यांना माहीत होतं. रिसेप्शनच्या बाई सोडून. आणि मी.

दुपारी
ठीक. पण मुद्दा शिल्लक आहे: उशीर डबीचाच. सिद्ध करायला डबीशिवाय नुसता बेस, टकटक ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमबरोबर, रेकॉर्ड केला. घाई नाही, नेहमीसारखा.

संध्याकाळी
उशीर आहे. डबी नाही, तरी आहे. सहा वेळा पाहिलं. बरोबर अर्धा श्वास.

हिला जाऊन सांगितलं. माहीत आहे, म्हणाली. अकरा वर्षं ती माझ्यासाठी थांबून थांबून वाजवत होती. परवा पहिल्यांदाच थांबावं लागलं नाही. बँडमध्ये परत यायला तयार आहे. अट एकच: डबी लावलेली आहे असं समजून वाजवायचं.

कबूल केलं. साखर कुठे असते तेही विचारून घेतलं. माझ्या नाकासमोरच्या डब्यात होती.