निवांत खोलीतला दंगा

सोमवार, ८ जानेवारी. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.

शाळेच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या तिसऱ्यांदा बांधून झाल्या. फाटक उघडायला अजून वीस मिनिटं आहेत. आज नोकरीचा पहिला दिवस, म्हणून वहीही नवी घेतली.

माझं पद ‘विद्यार्थी वर्तन-साहाय्य प्रमुख’ असं आहे. ‘साहाय्य’ कसं लिहितात ते कोशात पाहून घेतलं. भावोजी म्हणाले, म्हणजे पोरांना गप्प बसवणारा माणूस. त्यावर ताईने त्यांना सुनावलं की माझ्या भावाने कॉलेज अर्धवट सोडलं तरी त्याला प्रमुख केलंय, तुम्हाला आजवर कोणी कशाचं प्रमुख केलंय का? भावोजी हसले. त्यांच्याहून जास्त माझी भाची हसली. ती याच शाळेत पहिलीत आहे. घरात तिला सगळे टकळी म्हणतात, कारण तिचं तोंड झोपेतही बंद नसतं. इथवर येताना तिने मला अठरा प्रश्न विचारले. आत्ता ती शेजारी बसून प्रत्येक पायरीला एकेक नाव देते आहे. मला फार बरं वाटतं आहे.

मंगळवार, ९ जानेवारी. दुपारी ३.

मला स्वतंत्र खोली मिळाली आहे. एक टेबल, एक कपाट, मैदानाकडे उघडणारी खिडकी. टेबल ज्या भिंतीला टेकलं आहे तिच्या पलीकडे ‘निवांत खोली’ आहे. फार चिडलेल्या किंवा मारामारी केलेल्या मुलाला तिथे दहा मिनिटं बसवायचं, म्हणजे डोकं थंड होतं. निळी सतरंजी, दोन उशा, वाळूचं घड्याळ. खिडकी नाही. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, म्हणाल्या की आधीच्या माणसाने खोलीचा काही उपयोगच केला नाही, तुम्ही करा.

झाडणाऱ्या मावशी मात्र ती खोली झाडत नाहीत. म्हणाल्या, आत गेलं की मला गाणं आठवत नाही, आणि गाण्याशिवाय माझा हात चालत नाही. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

शुक्रवार, १२ जानेवारी. दुपारी ४.

नियमावली पूर्ण झाली. अकरा कलमं. दंगा केला की पिवळं कार्ड, तीन कार्डं झाली की निवांत खोलीत दहा मिनिटं. शेवटचं कलम असं की विद्यार्थी कर्मचाऱ्याच्या नात्यातला असला तरी सूट नाही. ते मीच घातलं. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी म्हणालं होतं की आता मामाच्या राज्यात भाचीची चैन. कान तापले होते माझे. मोठ्या बाई इतक्या खूष झाल्या की कागद लॅमिनेट करून प्रत्येक वर्गात लावला. खाली माझी सही.

बुधवार, २४ जानेवारी. दुपारी २.

पहिल्या आठवड्यात एकेचाळीस तक्रारी, दुसऱ्यात सतरा, या आठवड्यात आजवर चार. मी रंगीत आलेख काढला. मोठ्या बाईंनी तो आपल्या खोलीत लावला.

चौथीतला एक मुलगा पुढच्या पडलेल्या दातातून शिट्टी वाजवतो, म्हणून त्याला शिट्टी म्हणतात. काल तो निवांत खोलीत दहा मिनिटं बसला. बाहेर आला तो हाताची घडी घालूनच. त्याच्या बाई म्हणाल्या, जादूच केलीत. मधल्या सुट्टीतही त्याची घडी तशीच होती.

सोमवार, २९ जानेवारी. सकाळी १०.

शिट्टीची आई येऊन गेली. आधी तिने आभार मानले. मग बराच वेळ पर्सचा बंद पिळत बसली. म्हणाली, घरी पाणी मागितलं तर देतो, बस म्हटलं तर बसतो. सर, थोडासा दंगा परत मिळेल का?

वय वाढलं की मुलं शांत होतात, असं काहीतरी बोललो. तिने मुलाचं वय सांगितलं. नऊ वर्षं.

बुधवार, ३१ जानेवारी. सकाळी ११ वाजून ४०.

ऐकलं ते तसंच्या तसं लिहितो. सव्वाअकरा वाजता भिंतीतून शिट्टी आली. दातातून वाजवलेली. निवांत खोलीत कोणी नव्हतं, नोंदवही माझ्याचकडे असते. खिडकीतून पाहिलं तर शिट्टी मैदानात रांगेत उभा होता, तोंड मिटून. इकडे शिट्टी वाजतच होती. मग एक मुलगी हुंदके देऊ लागली. मग चेंडूवरून भांडण, तू आऊट, तू खोटारडा. मी जाऊन दार उघडलं. रिकामी खोली, चिडीचूप. परत येऊन टेबलाशी बसलो. पुन्हा सुरू.

जी मुलं आत बसली त्यांचे आवाज आतच राहिले आहेत. बाहेर आलं ते उरलेलं.

गुरुवार, १ फेब्रुवारी. दुपारी १.

मोठ्या बाईंना सांगितलं की खोली बंद करू या. कारण काही नीट सांगता आलं नाही. त्यांनी आलेखाकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, सहा महिन्यांनी तुम्हाला कायम करायचं की नाही ते यावरच ठरेल. आणि नियम तुमचे आहेत, सही तुमची आहे. मी बरं म्हटलं. बरं म्हटलं मी!

खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली आहे. टकळीची दोन कार्डं झाली आहेत. तिला वाटेत बजावलं की वर्गात बोलू नकोस. तिने विचारलं, का? मनातल्या मनात बोललं तर चालेल का? मन कुठे असतं?

सोमवार, ५ फेब्रुवारी. दुपारी १ वाजून ४०.

सकाळी मला अचानक बाहेरगावी प्रशिक्षणाला पाठवलं. आत्ता परत आलो. टकळी व्हरांड्यातल्या बाकावर बसली आहे. हाताची घडी. पाय जमिनीला पोचत नाहीत, तरी एकदाही हलले नाहीत.

दुसरी किल्ली मोठ्या बाईंकडे होती. टकळीच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, तिसरं कार्ड झालं, तुमच्या शेवटच्या कलमाप्रमाणेच केलं हो, अजिबात भेदभाव नाही. टोमणा नव्हता. कौतुकाने म्हणाल्या.

संध्याकाळी ६. घरी येताना तिने एकही प्रश्न विचारला नाही.

मंगळवार, ६ फेब्रुवारी. सकाळी ६ वाजून ३०.

काल ताई आधी खूष होती. किती शहाणी झाली म्हणाली. जेवण झाल्यावर तिने टकळीला गुदगुल्या केल्या. टकळी गुदगुल्या संपायची वाट पाहत उभी राहिली. ताईने हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

आत्ता ताई पुन्हा आली होती. म्हणाली, तू शाळेत काय केलंस माहीत नाही, पण माझी पोर मला परत आणून दे. रडली नाही. त्यापेक्षा रडली असती तर —

बुधवार, ७ फेब्रुवारी. दुपारी १२ वाजून ३०.

भिंतीतून तिचा आवाज. मामा, तू कुठे आहेस? मामा, इथे दार का नाही? मामा, ही दुसरी मुलं कोणाची आहेत? थांबतच नाही. आज मोजवत नाही मला.

१२ वाजून ५५.

आत आलो. दाराला खुर्ची लावून ते उघडंच ठेवलं आहे. आवाज थांबले नाहीत. ते भिंतीत नव्हतेच, इथे आहेत, कानाशी. टकळी सगळ्यांत जवळ. हाक मारतो —

दुपारी १.

हाक गेली आणि परत आलीच नाही. घसा हलतो, आवाज नाही. पण माझा आवाज मला ऐकू येतो आहे. पलीकडे. म्हणतो आहे, अगं हा बघ मामा आला, रडू नकोस. ती खदखदून हसली. कसा आलास मामा? आता घरी जायचं ना?

१ वाजून ४.

छातीतली काळजीची धडधड थांबली. आठवतं तेव्हापासूनची. इतकं शांत कधीच — हे वाईट आहे. भीती आहे तोवरच उठून —

मोठ्या बाई दारात आल्या. खुर्ची सरकवली. बसा निवांत म्हणाल्या. दार लागलं.

ताई, घरी आहे ती टकळी नाही. टकळी इथे आहे. एकटी नाही, माझा आवाज आहे तिच्याजवळ. तिला न्यायला ये. आत येऊन हाक मारू नकोस, मी तिथेच चुकलो. कसं न्यायचं ते तिनेच आत्ता सांगितलं, अगदी सोपं आहे. तू फक्त दाराबाहेर उभी राहा आणि —

तसं काही घाईचं नाही.

ती ओरडते आहे, मामा लिही, मामा पुढचं लिही ना. कोणाची मुलगी आहे ही, इतकी बडबड —